जिथं बंद झालं तिथून

रंजनानं टीव्हीवरचं लुगडं ओढलं तशी धूळ उडाली आणि सगळ्यांच्या आधी मला शिंक आली.

"वर्षात एकदा झटकायचं तरी," ती म्हणाली.

"दुखवट्याचं लुगडं झटकत न्हाईत."

असं काही नसतं. पण सासरी गेलेल्या लेकीनं माहेरी येऊन धूळ मोजलेली मला खपत नाही, मग ती माझी का असेना.

माझा मुलगा हणमंत जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. आमच्याकडे कर्ता माणूस गेला की वर्षभर कढई चढत नाही, पापड-कुरड्या घालत नाहीत, आणि घरोघरी टीव्ही आल्यापासून तोही बंद ठेवतात. वर्षश्राद्ध झालं की लेकीनं यायचं, घरच्यांचं तोंड गोड करायचं आणि आपल्या हातानं टीव्ही लावून द्यायचा. टीव्हीचं कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला विचारू नका. मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई. वडूजला आमच्या गल्लीत सगळे करतात म्हणून आम्हीही केलं.

सकाळी भटजी येऊन गेले होते. भावकी जेवून, हात पुसून, पांगली होती. घरात राहिलो पाचजण. मी, रंजना, सून वैजयंता, तिची नऊ वर्षांची ईश्वरी, आणि वैजयंताचा धाकटा भाऊ प्रल्हाद. तो आटपाडीहून आला होता, आणि नुसता जेवायला आला नव्हता. दाराआड दोन बॅगा भरून ठेवलेल्या मला सकाळीच दिसल्या होत्या.

"आक्का, साडेपाचच्या गाडीनं ताईला आन् ईशूला घेऊन जातो म्हणतो," तो जेवताना म्हणाला होता.

"किती दिवसांसाठी?"

तो भात कालवत राहिला. "शाळेचा दाखला तेवढा मागनं न्यायला येईन."

म्हणजे कायमचं. मला कळलं. मी पानावरून उठले, हात धुतले, आणि एक शब्द बोलले नाही. सुनेच्या भावापुढं पदर पसरणारी बाई मी नव्हे.

ती का जात होती हे अख्ख्या वडूजला माहीत होतं. हणमंत गेला त्या संध्याकाळी त्यानं गल्लीच्या खालच्या टोकाला असलेल्या आमच्या पिठाच्या गिरणीतून घरी तीन फोन केले. तिन्ही वाजले आणि एकही उचलला गेला नाही. वैजयंता आठ वाजता अनवाणी गल्लीतून पळत गेली तेव्हा तो चक्कीशेजारी पोत्यावर आडवा पडलेला होता. त्याला दमा होता. दवाखान्यात म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवा होता. मग लोकांनी हिशोब जुळवला. साडेसात ते आठ घरात काय चालू असतं? मालिका. फोन कुणाचा वाजला? बायकोचा. नवरा तिकडं गुदमरत होता आणि ही इकडं टीव्ही बघत बसली होती. वर्षभर हेच. दळणाला आलेल्या बायका म्हणे पिशवी पुढं करताना तिच्याकडं बघायच्या, ते दळण द्यावं तसं नाही, तर पुन्हा एकदा बघून घ्यावं तसं. शेवटी ईश्वरीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझ्या आईनं तुझ्या पप्पांना मारलं. त्या दिवशी वैजयंतानं भावाला फोन केला.

आणि तरी वर्षभर गिरणी तिनंच चालवली होती. पहाटे उठून चक्कीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायची, पट्टा चढवायचा, सगळं शिकली. ती गेली तर गिरणीला कुलूप लागणार होतं, आणि घरात मी आणि भिंती. नात नजरेआड होणार होती. हे मला नको होतं. पण राहा म्हणायचं माझ्या तोंडून निघत नव्हतं. मला वाटत होतं, टीव्ही लागू दे, पोरगी बघत बसेल, आईही टेकेल, साडेपाचची गाडी आपोआप निघून जाईल.

"बघू कुठवर आलंय ते," रंजना रिमोट शोधत म्हणाली.

आमची ती इनामदारांची मालिका. नाव लांबलचक होतं, आम्ही सगळे 'इनामदार' एवढंच म्हणायचो. थोरली इनामदारीण, तिच्या तीन सुना, आणि एका वाड्यात मावणार नाहीत एवढी भांडणं. मी एक दिवस चुकवला नव्हता. हणमंत गेला त्या दिवसापर्यंत.

"आजचा भाग साडेसातला लागंल," रंजना म्हणाली. "तू आजपासनंच धर. मधलं मी सांगते. थोरलीच्या नवऱ्याचं पहिलं लग्न झालेलं निघालं. धाकटा दुबईला जाऊन आला. आन् मृण्मयीचं बाळ दवाखान्यात बदललं."

"कवा झालं तिला बाळ?"

"आता शाळेत जातंय की ते."

"अगं, वर्षात बाळ शाळेत?"

"त्यांनी सहा वर्षं पुढं नेलं ना सगळं."

"सोयीचं हाय," मी म्हटलं. "आपल्याला न्हाई नेत कुणी पुढं."

प्रल्हादला हसायला आलं आणि मग कुठल्या घरात बसलोय हे आठवून त्यानं तोंड फिरवलं.

"मी पहिल्यापासून बघणार," ईश्वरी म्हणाली. तिच्या हातात आईचा मोबाइल होता. "यात सगळे भाग असतात, आजी. इथून टीव्हीवर पण लावता येतात. नऊशे चौतीस आहेत."

"नऊशे! तेवढं बघंस्तवर माझं वर्षश्राद्ध येईल."

"मग मधूनच कुठूनतरी लावू?"

"मधनंच कसं? कोण कुणाची कोण, काय कळायचं?"

"म्हणून तर म्हणते आजपासनं," रंजना म्हणाली. "झालं गेलं उगाळून काय मिळतंय?"

वैजयंता तोवर आत भांडी लावत होती. ती हात पुसत दारात आली. वर्षभरात तिचे गाल बसले होते, केसांच्या मुळाशी पिठाची पांढरी रेघ कायमची राहिली होती.

"ईशू, सहाशे बाविसावा लाव."

"सहाशे बावीसच का?" रंजनानं विचारलं.

"जिथं बंद झालं तिथनं," ती म्हणाली. "अर्धाच राहिलाय तो."

 माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. सहाशे बावीस म्हणजे कुठला, हे मला आकडा न मोजताही कळलं होतं.

"तो नको," मी म्हटलं.

"का, आत्या?"

"नको म्हटलं की नको. शुभ दिवशी तेच कशाला? आजचा लावा."

"आज शुभ दिवस हाय व्हय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वैजयंताचा आवाज कधीच चढत नसे, त्याचाच मला राग यायचा. "मला तोच बघायचाय. तुमच्यासंगं. तेवढा बघितला की मी निघंन. न्हाई बघायचा तर आत्ताच निघते. प्रल्हाद, बॅगा घे."

प्रल्हाद उठलाच. ईश्वरी एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. तिचा परकर माझ्या गुडघ्याला लागत होता.

"बस रे," मी प्रल्हादला म्हटलं. "एवढं पळायला गाव काय पेटलंय? लाव गं पोरी. लाव तोच."

वैजयंता माझ्या बाजूला येऊन बसली. खाटेवर नाही, खाली, सतरंजीवर. त्या दिवशी बसली होती तिथंच.

इनामदारांचं गाणं लागलं. वर्षानं ते ऐकलं. त्या भागात मृण्मयीचं डोहाळजेवण होतं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, सगळ्या बायका हसतायत. रंजना म्हणाली, "अगं बाई, ही किती बारीक होती तवा." 

आमच्या घरात एक रीत होती, ती इथं सांगायला हवी. गिरणीवाल्याच्या घरी फोन म्हणजे डोक्याला ताप. आक्का, माझं दळण झालं का? आक्का, मिरची कांडायला कधी आणू? नेमका मालिकेच्या वेळी वाजायचा. म्हणून साडेसात वाजले की मी घरातले फोन पितळी डब्यात टाकायची आणि झाकण लावायची. आठ वाजता उघडायचा. मध्ये कुणी हात लावायचा नाही. डब्यातून आवाज यायचा, पण दबका, विहिरीतून आल्यासारखा. हणमंताला हे माहीत होतं. तो हसायचा, म्हणायचा, आईनं फोनला लोणच्यात घातलंय.

"थांबव," वैजयंता म्हणाली.

ईश्वरीनं थांबवलं. मृण्मयीचा पाय झोपाळ्यावर अर्धा चढलेला राहिला.

"पहिला फोन इथं आला. सात अडतीसला." ती मोबाइलकडं न बघताच सांगत होती. तिनं मोबाइलातून ते तीन फोन अजून पुसलेले नव्हते. मी एकदा बघितलं होतं, ती चुलीपुढं ते तेवढेच बघत बसली होती. "लाव पुढं."

झोपाळा हलला. बायका गाऊ लागल्या. गाणं सरलं आणि ओटी भरायला थोरली इनामदारीण पुढं आली.

"थांबव. दुसरा इथं. सात बेचाळीस."

रंजनाला राहवलं नाही. "एवढं मिनिटामिनिटानं ध्यानात हाय तुझ्या," ती म्हणाली, "आन् उठून एक झाकण काढवलं न्हाई? माझा भाऊ होता गं तो. झोपाळ्यात काय एवढं होतं?"

 वैजयंतानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी वर्षभर चुकवत आले होते. जेवताना, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवताना. भेटायला आलेल्या बायका तिला नावं ठेवायच्या, रंजना तर माझ्या मांडीला मांडी लावून ठेवायची, आणि वैजयंता अशीच एकदा माझ्याकडं बघायची आणि चहाचे कप उचलून आत जायची. मी खोटं बोलले नव्हते. मी बोललेच नव्हते.

"तिला कशाला बोलतीस," मी म्हटलं.

"मग कुणाला बोलू?"

"मला बोल. ती उठली होती. पहिल्या फोनालाच उठली होती. मी म्हटलं, बस खाली."

रंजना माझ्याकडं बघत राहिली. प्रल्हादनं मान खाली घातली.

"दुसऱ्यालाही उठली. म्हणाली, आत्या, तेच असतील. मी म्हटलं, आठ वाजता बघ. रीत म्हणजे रीत."

हे सांगितलं आणि मला जरा हलकं वाटलं. वाटलं, झालं. रीतच होती घरची, सगळ्यांना ठाऊक होती. म्हातारी मालिकेत गुंगली, चुकली. लोक म्हणतील काय ते म्हणतील. रंजनाचा चेहराही मऊ पडायला लागला होता. "आई गं," ती म्हणाली, "तुला तरी काय ठाऊक होतं..." तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"लाव पुढं," वैजयंता म्हणाली.

ईश्वरीनं लावलं. थोरली इनामदारीण ओटी भरायला वाकली, तिला ताटात काहीतरी दिसलं, ती दचकली, ढॅण करून वाजलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला तीच इनामदारीण ताट भिरकावताना दिसली.

वैजयंतानं यावेळी थांबव म्हटलं नाही. मालिका चालू राहिली. ती माझ्याकडंच बघत होती.

मोबाइलातल्या भागात जाहिराती नसतात. त्या दिवशी टीव्हीवर मध्ये चार मिनिटं जाहिराती होत्या. साबण, चहा, गुडघ्याचं तेल. ती चार मिनिटं या भागातून कापून टाकलेली होती. दचकणं आणि ताट भिरकावणं एकाला एक जोडून टाकलं होतं, मध्ये काही घडलंच नाही असं. तिसरा फोन त्यात होता. सात सत्तेचाळीस. तो आता कुणाला दिसणार नव्हता. मी गप्प बसले असते तर तो तिथंच राहिला असता. ते जाणणाऱ्या जगभरात आम्ही दोघीच होतो, आणि त्यातली एक साडेपाचच्या गाडीनं जाणार होती.

रंजनाचा हात अजून माझ्या हातावर होता. गरम होता.

"बंद कर ते," मी ईश्वरीला म्हटलं.

"अजून आहे, आजी."

"बंद कर. तिसरा फोन त्यात न्हाई. तिसरा जाहिरातीत आला."

"म्हंजे?" रंजना म्हणाली.

"म्हंजे तवा मालिका चालू नव्हती. साबणाची बाई नाचत होती. जाहिरातीत उठायची मुभा असायची, पाणी प्यायला, भात बघायला. वैजू उठली. डब्यापाशी गेली. झाकणावर हात ठेवला. म्हणाली, आत्या, पंप घरीच राहिलाय त्यांचा. त्यासाठीच करत असतील."

ते तोंडात धरून ओढायचं औषध, आम्ही त्याला पंप म्हणायचो. त्या दिवशी दुपारी जेवताना हणमंत म्हणाला होता, आई, यंदा मिरची कांडायचा डंक बंद करू, धूळ छातीत भरतीय. मी म्हटलं, ऐन मिरचीच्या दिवसांत डंक बंद? गल्ली काय म्हणंल? तुझ्या बापानं वीस वर्षं मिरची कांडली, तो न्हाई कधी रडला. त्याचा बाप खोकून खोकूनच गेला होता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं. हणमंत अर्ध्या ताटावरून उठला. पंप ताटाशेजारी राहिला. मीच तो उचलून टीव्हीखालच्या फळीवर ठेवला.

"मग?" रंजनाचा हात निघाला होता. कधी निघाला मला कळलं नाही.

"मग मी म्हटलं, असू दे. वाजू दे. पाय काय मोडलेत त्याचे? गरज असंल तर येईल वर. माझ्यासमोरनं येऊन घेऊन जाऊ दे."

"पंप कुठं होता?"

"टीव्हीखाली."

"तुझ्या समोर?"

"समोर. अख्खा वेळ समोर होता. मी बघत होते त्याच्याकडं. म्हटलं, बोलला दुपारी मला, आता येईल मान खाली घालून." मी थांबले नाही. एकदा थांबले असते तर परत सुरू झाले नसते. "मालिकेचं काही न्हाई त्यात, रंजे. त्या इनामदारणीचा काही दोष न्हाई. मला त्याला वाकवायचा होता."

प्रल्हाद खिडकीबाहेर बघत होता. ईश्वरी मोबाइल हातात धरून बसली होती, तिला बाहेर पाठवायला हवं होतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

रंजना उठली. पदर सारखा केला. पिशवी घेतली.

"रंजे, चहा तरी..."

"मी वर्षभर हिला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तुझ्या मांडीला मांडी लावून दिल्या. तू सुपारी कातरत ऐकत होतीस." ती वैजयंतापाशी गेली, तिच्यापुढं उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात धरले. मग चपला घातल्या. माझ्याकडं परत बघितलं नाही. त्याला आता आठ वर्षं झाली. दिवाळीला जावई येतो, फराळाचा डबा देतो, आणि तिच्या गुडघ्यांचं कारण सांगतो.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चल ताई," प्रल्हाद म्हणाला. "आता तर इथं एक क्षण..."

"तू जा," वैजयंता म्हणाली.

"आन् तू?"

"मी कुठं जाऊ? आटपाडीला जाऊन काय करू, तुझ्या बायकोच्या हाताखाली भाकरी थापू? गिरणी हाय माझी इथं. ईशूची शाळा हाय."

"ह्यांच्यासंगं राहणार? हे ऐकून?"

"हे मला आज कळलं व्हय रे? मी त्या खोलीतच होते." ती उठली, सतरंजी झटकली, घडी घातली. मग माझ्यासमोर उभी राहिली. "आत्या, एक सांगते. तुम्ही बस म्हणाला आन् मी बसले. तुम्ही काय मला बांधून घातलं नव्हतं. झाकणावर हात होता माझा. माझं माझ्याकडं हाय, ते मी मरंस्तवर वागवीन. पण तुमचंही वर्षभर मीच वागवलं. आता तुमचं तुम्ही घ्या."

"घेतलं की. सगळ्यांसमोर बोलले न्हाई का?"

"सगळे म्हंजे कोण? लेक आन् माझा भाऊ. गिरणीत रोज चाळीस बायका येतात, त्या विचारतात. ईशूच्या शाळेत त्यांचीच पोरं असतात." ती जरा थांबली. "उद्यापास्नं गिरणीच्या दारात तुम्ही बसायचं. जी विचारंल तिला तुम्ही सांगायचं. न्हाई विचारलं तरी सांगायचं. तिसऱ्या फोनासकट. जमत असंल तर मी राहते. न्हाईतर प्रल्हाद बॅगा घ्यायला उभाच हाय."

पन्नास वर्षं मी त्या गल्लीत मान वर करून चालले होते. नवरा गेल्यावर भावकीनं गिरणी मागितली तेव्हा मी पायरीवर उभी राहून अशी तोंडं बंद केली होती की पुन्हा कुणी नाव काढलं नाही. बायका माझ्यासमोर पदर सावरायच्या. त्या दारात बसून मी हे सांगायचं.

"तू मला गावासमोर उघडी पाडायला निघालीस," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली.

मी ईश्वरीकडं बघितलं. पोरगी रडत नव्हती. लहान मुलं मोठ्यांकडं बघतात तसं बघतही नव्हती. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडं बघावं तसं बघत होती, ही कुठं उतरणार म्हणून.

"स्टूल लागंल मला," मी म्हटलं. "खाली बसलं की उठवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गिरणीत गेले. वर्षात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. मिरचीचा डंक वैजयंतानं केव्हाच विकून टाकला होता, तिथं मोकळी फरशी होती. चक्की सुरू होती, पट्टा फटफटत होता. दारात स्टूल मांडलेलं होतं.

पहिली आली ती वरच्या आळीतली द्वारका फडतरे, डोक्यावर ज्वारीची पाटी. मला बघून तिला बरं वाटलं. "आक्का! आला म्हणा खाली शेवटी. झालं ना वर्ष?" मग पाटी टेकवत, आत बघत, हलक्या आवाजात म्हणाली, "आन् ती? राहिली म्हणायची तोंड वर करून?"

"द्वारके," मी म्हटलं, "तुला काहीतरी सांगायचंय. तो फोन तिनं न्हाई..."

"काय?" द्वारकानं कानाला हात लावला. चक्कीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

मी जरा मोठ्यानं म्हटलं. तरी तिला अर्धंच पोहोचलं. ती हसून मान डोलवत होती, माणसं न ऐकलेल्याला डोलवतात तशी. मी मनात म्हटलं, सुटले. सांगितलं माझ्या बाजूनं. तिला ऐकू नाही आलं तर मी काय करू?

वैजयंता आत पाठमोरी उभी होती, चक्कीत धान्य सोडत. तिनं मागं वळून बघितलं नाही. हात लांब करून तिनं भिंतीवरचं बटण खाली केलं.

चक्की हळूहळू थांबली. पट्टा दोनदा फटफटला आणि लोंबत राहिला. एवढी शांतता मी त्या गिरणीत कधी ऐकली नव्हती. बाहेर रांगेत आलेल्या दोन बायकाही, लाइट गेली का म्हणून, पुढं सरकल्या.

"हां, काय म्हणत होता आक्का?" द्वारका म्हणाली.

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि मग परत मागं केला. आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.